सायक्लोन आणि ह्यांचा खोकला

मशीन चालू असलं की काही ऐकू येत नाही, हीच तर सगळी भानगड होती. एके दिवशी लाकूड घासायचा सँडर बंद केला, कानावरचे मफ काढले आणि भिंतीपलीकडून ह्यांचा खोकला आला. कोरडा, मधेच गिळलेला. मी हाक मारली, "काय हो, पाणी आणू का?" तर म्हणाले, "ठसका लागला." दुसऱ्या दिवशीही ठसकाच लागला होता. मग मी काय केलं, काम चालू असताना न सांगता मधेच मशीन बंद केलं आणि दाराला कान लावून उभी राहिले. हे खोकतच होते. म्हणजे हा माणूस माझ्या मशीनच्या आवाजाआड खोकून घ्यायचा आणि आवाज थांबला की तोंडावर पंचा धरून गप्प बसायचा. उभ्या संसारात ह्यांनी माझ्यापासून एक गोष्ट लपवायची ठरवली आणि तीही ह्यांना धड लपवता आली नाही.

ठसका म्हटलं की मला भीती वाटते. कारण थोरले दीर असेच गेले. गावाला, रत्नागिरीकडे. डॉक्टरांनी रोगाचं काय नाव सांगितलं होतं ते आज घरात कुणालाच नीट आठवत नाही, पण शेवटी शेवटी ते आडवे होऊ शकत नव्हते, उशा लावून बसूनच झोपायचे, हे सगळ्यांना आठवतं. त्यांची सुरुवातही ठसक्यानेच झाली होती.

आम्ही मिरा रोडला सिल्व्हर पार्कात राहतो, तळमजल्यावर. मी विम्याच्या ऑफिसात खर्डेघाशी करून निवृत्त झाले, हे एका कारखान्यात स्टोअर सांभाळून. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तिथलाच झाला, आणि त्याची खोली रिकामी पडली. त्या खोलीत मी लाकूडकाम करते. हो, मी. हे नाही. आमच्याकडे कुणी आलं की आधी ह्यांच्याकडे बघून म्हणतात, "काका, छान छंद लावून घेतलात." मग हे माझ्याकडे बोट दाखवतात आणि समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. मोबाईलवर व्हिडिओ बघून आधी एक पाट केला, तो डुगडुगत होता. मग चौरंग केला, तो नाही डुगडुगला. तेव्हापासून मला वेडच लागलं म्हणा. चेणे गावाच्या बाजूला फर्निचरवाल्यांची वर्कशॉप आहेत, तिथून उरलेले तुकडे आणते. थोडं सागवान, बाकी सगळं प्लाय आणि एमडीएफ. एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुगा आणि गोंद एकत्र दाबून केलेली फळी. कापायला लोण्यासारखी, पण कापली की जो भुसा उडतो तो पिठाहून बारीक. हवेतच राहतो.

तो खोलीच्या दाराखालून जात होता आणि दाराच्या पलीकडे हे पेपर वाचत बसायचे.

डॉक्टरांनी एक्स-रे काढायला लावला. तो उजेडाला धरून ते जरा जास्तच वेळ बघत राहिले. मी त्या फिल्मकडे बघत होते आणि मला त्यात काहीच कळत नव्हतं. मग ते म्हणाले, "इथे खाली थोडं पांढरट दिसतंय." पुढे ह्यांना विचारायला लागले. विडी-सिगरेट? नाही. तंबाखू? कधीच नाही. कामावर धूळ होती? स्टोअरला होतो, म्हणाले, खोकी मोजायचो. घरात चूल, धूर वगैरे? आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "छे, गॅस आहे."

मग मी सांगितलं, की मी घरात लाकूडकाम करते. डॉक्टर ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "म्हणजे तुम्ही?" "नाही हो, मी," मी म्हटलं. एरवी मला हसू आलं असतं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "मग आधी ती धूळ थांबवा. श्वासाचा पंप देतोय, तो घ्या. काही आठवड्यांत खोकला गेला नाही तर स्कॅन करू." स्कॅन म्हणताना त्यांनी आवाज खाली आणला. लोक आवाज खाली आणतात तेव्हा मला फार भीती वाटते. त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं.

रिक्षात मी म्हटलं, "सगळं विकून टाकते. उद्याच." हे बाहेर बघत होते. म्हणाले, "विकू नको."

"का? तुमच्या छातीत जातंय ते."

"घरात आवाज असतो," म्हणाले. "पोरगा पुण्याला गेल्यापासून घर कसं झालं होतं, आठवतंय ना तुला? दोन माणसं, आणि दोघंही टीव्ही बघतायत. विकू नको. काहीतरी मशीन मिळत असेल की, धूळ ओढायचं."

ह्यांचं एवढं लांबलचक वाक्य मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. मी रिक्षावाल्याला उगीचच सांगितलं, "भैया, आराम से चलाओ, गड्ढे हैं."

तर तसं मशीन मिळतं. त्याला सायक्लोन म्हणतात, चक्रीवादळच ते. वर रुंद, खाली निमुळतं असं एक पिंप असतं. भुशाची हवा त्यात बाजूने जोरात शिरते, आतल्या आत गोल गोल फिरते, जड भुसा कडेला फेकला जाऊन खाली डब्यात पडतो आणि हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. ऐकायला सोपं आहे. पण घेताना लक्षात आलं, की प्रत्येक विकणारा 'किती पकडतो' ते सांगतो आणि 'काय सुटतं' ते कुणी सांगत नाही. मला तर जे सुटतं त्याचीच पडली होती. जे सुटेल ते ह्यांच्या छातीत जाणार.

आधी मी सगळ्यात लहान मागवला, ऑनलाइन. प्लास्टिकचं नरसाळं, ते रंगाच्या रिकाम्या बादलीच्या झाकणावर बसवायचं, वरच्या नळीला व्हॅक्युम क्लीनर लावायचा. दिसायला गोंडस होता. दोन दिवस काय कौतुक चाललं होतं माझं, ह्यांना बोलावून बोलावून बादलीतला भुसा दाखवत होते. मग एका दुपारी पाइपच्या तोंडात लाकडाची ढलपी अडकली. हवा आत यायची बंद, व्हॅक्युम मात्र ओढतोय, आणि ती बादली धाडकन आत चेपली. बॉम्ब फुटल्यासारखा आवाज. झाकण उडालं आणि सगळा भुसा खोलीभर. हे धावत आत आले, "लागलं का, लागलं का" म्हणत, आणि त्या ढगात उभे राहून असे खोकायला लागले की मला वाटलं आता हे इथेच पडतात. पाठीवर हात ठेवला तर बरगड्या हलत होत्या. मी त्यांना ओढत गॅलरीत नेलं. ह्यांचे डोळे पाण्याने भरले होते आणि तेवढ्यातही विचारत होते, "तुला कुठे लागलं नाही ना?" मला त्यांचा राग आला. स्वतःचा श्वास पुरत नाहीये आणि माझी चौकशी.

त्यानंतर मी प्लास्टिकचा नाद सोडला. मग एका शोरूममध्ये गेले. तिथे बाहेरून आलेला मोठा तयार सायक्लोन होता, चकचकीत, वर घड्या घड्यांचा कागदी फिल्टर. विकणारा टाय लावलेला. "मॅडम, शंभर टक्के धूळ पकडतो." मी म्हटलं, "मग तो फिल्टर कशाला लावलाय?" तो जरा अडखळला. म्हणाला, बारीक धूळ त्यात अडकते, महिन्यातून एकदा काढून झटकायचा. "कुठे झटकायचा?" "घरातच, मॅडम, गॅलरीत वगैरे." म्हणजे सगळ्यात बारीक, सगळ्यात वाईट धूळ गोळा करायची आणि महिन्यातून एकदा एकदमच तोंडावर घ्यायची. मी पर्समधून पुडी काढली. घरून रवा आणि मैदा मिसळून नेला होता, म्हटलं हे ओढून बघू, काय पकडतो काय सोडतो ते दिसेल. त्याने मला पुडी उघडूच दिली नाही. खाली कार्पेट होतं म्हणे. घ्या, धूळ ओढायचं मशीन विकतात आणि मैद्याला घाबरतात.

तिसरा भाईंदर पूर्वेला, एका गाळ्यात. तिथे एक जण हॉटेलांच्या चिमण्या आणि एसीचे पत्र्याचे डक्ट बनवतो. तो म्हणाला सायक्लोन पण बनवून देतो, पूर्वी पीठगिरणीवाल्यांना दिलेत. माझी पुडी बघून तो मनसोक्त हसला. "माताजी, हलवा बनाना है क्या?" पण मशीन चालू केलं. रवा सगळा खाली डब्यात पडला, एक कण वर नाही. मैद्यातला थोडा खाली बसला आणि उरलेला वरच्या तोंडातून भसकन बाहेर आला आणि त्याच्या काळ्या शर्टावर बसला. तो बघतच राहिला. मी म्हटलं, "देखा?" म्हणाला, "इतना तो जाएगाच, माताजी." आणि खरं सांगू, मला तो आवडला. निदान जाईल म्हणाला. मीच मग विचार केला, की जाणारच असेल तर घराबाहेर जाऊ दे. पाइप थेट खिडकीतून बाहेर काढायचा. झटकायला नको, फिल्टर नको. पत्रा चेपत नाही. तोच घेतला.

तो घरात येताना लिफ्टचा प्रश्न नव्हता, तळमजला. पण दारातून तिरका करून आणावा लागला आणि उभा केल्यावर छताला जेमतेम बोटभर जागा उरली. खिडकीची एक काच काढून पाइप बाहेर काढला, मागच्या नाल्याच्या बाजूला. वरच्या मजल्यावरची बाई दुसऱ्याच दिवशी खाली आली. "आंटी, मेरे कपड़ों पे पावडर गिरता है." मग जुन्या सुती साडीची लांब पिशवी शिवून पाइपच्या तोंडाला बांधली. आणखी एक गोष्ट होती. मशीन खोलीतली हवा बाहेर फेकतं, तर तेवढी हवा दुसरीकडून आत यायला हवी, नाहीतर ते गुदमरतं आणि नीट ओढत नाही. म्हणून खोलीची दुसरी खिडकी मी सताड उघडी ठेवायला लागले. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, आणि पुढेही, उरलीसुरली धूळ निघून जावी म्हणून.

मुलाने पुण्याहून हवा मोजायचा एक छोटा मीटर पाठवला होता. साबणाच्या वडीएवढा. हवा चांगली असली की हिरवा दिवा, बिघडली की पिवळा, मग लाल. मी एमडीएफची आख्खी फळी कापली, मीटर हिरवा. रंधा मारला, हिरवा. मी ह्यांना ओरडून सांगितलं, "हिरवा हो, हिरवा." हे दारात येऊन मान डोलावून गेले.

खोकला मात्र गेला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. उलट संध्याकाळी वाढायला लागला. जेवताना घास तसाच ठेवून उठायचे. पंपाचा आवाज बाथरूममधून यायचा, माझ्यासमोर घ्यायला लाजायचे. मी मीटर खोलीतून हलवून हॉलमध्ये ठेवला, त्यांच्या खुर्चीजवळ, आणि तेव्हा मला ते दिसलं. दिवसभर हिरवा. दिवेलागणीला, माझं मशीन बंद असताना, लाल. रोज.

आता मात्र मी पार घाबरले. मशीन बंद आहे आणि हवा लाल होतेय, म्हणजे सायक्लोन कुठूनतरी गळतोय, दिवसभर धूळ साठवून संध्याकाळी सोडतोय, असंच काहीतरी डोक्यात बसलं. मी मशीन चालू ठेवून, अगरबत्ती पेटवून पत्र्याच्या प्रत्येक सांध्याजवळ धरली. धूर आत खेचला गेला तर तिथे फट आहे. दोन ठिकाणी फट सापडली, सिलिकॉन भरलं. दिवे लागले आणि मीटर पुन्हा लाल. मग मला ड्रमचं लक्षात आलं. सायक्लोनच्या खालचा ड्रम, ज्यात भुसा पडतो, तो भरतच नव्हता. मी जेवढं कापलं होतं त्या मानाने तो गळ्यापर्यंत यायला हवा होता, आणि बघावं तर अर्ध्यावर. एकदा तर मला वाटलं कालच्यापेक्षा आज खाली गेलाय. मी झाकण हातात धरून त्या ड्रमकडे बघत राहिले. भुसा ड्रममध्ये नाही, बाहेर पिशवीत नाही, जमिनीवर नाही. मग गेला कुठे? मला एकच जागा सुचली. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. पलीकडे हे खोकत होते आणि मला दीर दिसत होते, उशांना टेकून बसलेले.

मी मनातल्या मनात ठरवलं, स्कॅनला जायचं, आणि त्याआधी ही खोली रिकामी करायची. आवाज नसला तर नसला. माणूस असला म्हणजे झालं.

रोज संध्याकाळी काम आवरलं की मी आंघोळीला जाते. अंगभर भुसा असतो, केसांत, कानांत. मी बाहेर येईपर्यंत हे देवाजवळ दिवा लावतात आणि घरभर धुरी फिरवतात. हे लग्नापासूनचं आहे. कोकणातल्या प्रत्येक घरात होतं तसं, डासांना. करवंटीचा तुकडा गॅसवर लाल करायचा, धुपाटण्यात ठेवायचा, वर नारळाचं सोडण, कडुनिंबाचा पाला, थोडा ऊद. मी आंघोळ करून येते तेव्हा घरात उदाचा वास असतो. इतक्या वर्षांत त्या वासाबद्दल मी काही विचार केला असेल, तर एवढाच, की चला, संध्याकाळ झाली.

त्या दिवशी पाणी गेलं. आमच्याकडे ते कधी जाईल याचा नेम नसतो. डोक्यावर एक तांब्या घेतला आणि नळ सुस्कारा टाकून बंद. मी चिडून तशीच टॉवेल गुंडाळून, गाऊन चढवून बाहेर आले. हॉलमध्ये मीटर लाल होता. हे हॉलमध्ये नव्हते. माझ्या खोलीत उजेड हलताना दिसला.

हे जमिनीवर उकिडवे बसले होते, सायक्लोनच्या पायाशी. समोर धुपाटणं. ड्रम खालून बाहेर ओढलेला, झाकण उघडं. निखाऱ्यावर तोंड आणून हे फुंकर घालत होते, श्वास ओढायचा, फुंकायचा, श्वास ओढायचा, फुंकायचा, आणि तो दाट पांढरा धूर सरळ त्यांच्या नाकातोंडात जात होता. मग त्यांनी ड्रममध्ये हात घातला, मूठभर भुसा घेतला आणि निखाऱ्यावर भुरभुरला. तो पिठासारखा बारीक भुसा खाली पडायच्या आधी हवेतच भपकन पेटला. ह्यांच्या तोंडासमोर पिवळी ज्वाळ उठली आणि विझली.

माझ्या तोंडून कसला आवाज आला मला माहीत नाही. मी बादलीतलं उरलेलं पाणी आणून धुपाटण्यावर ओतलं, ह्यांच्या मांडीवरही पडलं, आणि ड्रमचं झाकण लावून त्यावर बसलेच. ह्यांच्या भुवयांचे केस करपले होते. वास येत होता.

"काय करताय हे?"

"धुरी," हे म्हणाले. जणू मीच काहीतरी विचित्र विचारलं.

"माझ्या भुशाची?"

"सोडणं कुठे मिळतात आता? सगळे सोललेले नारळ देतात. तू काम सुरू केलंस तेव्हापासून हाच घालतो. पूर्वी ढलप्या असायच्या, पेटायच्या नाहीत नीट. आता ह्या मशीनने कसा चाळल्यासारखा मिळतो." हे बोलता बोलता खोकायला लागले, आणि खोकता खोकता हसायला बघत होते, मी रागावू नये म्हणून.

चाळल्यासारखा. एमडीएफचा, प्लायचा, सगळा गोंदासकट. मी भाईंदरपर्यंत जाऊन, रवामैदा ओढून बघून, जगातली सगळ्यात बारीक धूळ ह्यांच्यासाठी एका ड्रममध्ये जमा केली होती, आणि हे ती रोज संध्याकाळी तोंडाशी धरून फुंकत होते. लग्नापासूनची धुरी. डॉक्टरांनी धूर विचारला तेव्हा आम्ही दोघं एकदम 'छे' म्हणालो होतो, आणि कुणी खोटं बोललं नव्हतं. धुरीला धूर कोण म्हणतं?

"पण एवढी कशाला करायची?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "पूर्वी दोन मिनिटांत आटपायची तुमची धुरी. इथे बसून कसली फुंकताय?"

"ह्याच खोलीत जास्त लागते," ते म्हणाले. "खिडकी उघडी असते ना तुझी दिवसभर. नाल्याचे सगळे डास आत. तुझे पाय बघ जरा."

मी पाय बघितले. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल गांध्या होत्या. दिवसभर कामाच्या नादात मी खाजवत असते, मला कळतही नाही. ह्यांना कळत होतं.

"अहो, खिडकी मी तुमच्यासाठी उघडी ठेवते," मी म्हटलं. "तुमच्या खोकल्यासाठी."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हं." ह्यांचं 'हं' मला सगळं कळतं, पण हे नाही कळलं. मला फक्त एवढं कळलं, की हे घाबरलेत. इतके दिवस मीच एकटी घाबरले होते असं मला वाटत होतं.

डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मी तोंड उघडायच्या आत हेच बोलले. "घरात धूर असतो. मीच करतो. हिला डास फार चावतात." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. स्कॅन केला. तो काय दाखवतो ते समजावून सांगताना ते म्हणाले, जे झालंय त्यातलं थोडं राहणार, ते जाणार नाही. पण धूर आणि धूळ दोन्ही बंद ठेवलीत तर वाढायचं कारण नाही. मी विचारलं, "ह्यांच्या थोरल्या भावासारखं नाही ना?" तर म्हणाले, "आत्ता तरी तसं दिसत नाही."

तो 'आत्ता' मी घरी घेऊन आले. अजून तो माझ्याजवळच आहे. भाजी चिरताना असतो, कपडे वाळत घालताना असतो.

धुपाटणं मी माळ्यावर टाकलं. एमडीएफ घरात आणणं बंद केलं. ड्रममधला भुसा दुहेरी पिशवीत भरून कचऱ्याच्या गाडीत देते, देताना हे बघत नाहीयेत ना ते बघते. खिडकीला जाळीची चौकट करायची ठरली. सागवानाच्या पट्ट्या मी कापल्या, सांधे मी केले, ह्यांना मास्क लावून दुसरं टोक धरायला बसवलं. जाळी ठोकायचं काम त्यांनी मागून घेतलं. म्हणाले, तेवढं तरी करू दे. खोकला कमी होत गेला. रोज थोडा कमी. दिवेलागणीला मीटर हिरवाच राहायला लागला आणि ती वेळ झाली की आम्ही दोघंही त्याच्याकडे एकदा बघून घ्यायचो.

परवा अशाच दुसऱ्या चौकटीची शेवटची बाजू मी सँडरने घासत होते. मफ कानावर, सायक्लोन चालू. काम झालं, सगळं बंद केलं, मफ काढले. काहीच ऐकू आलं नाही. खोकला नाही. मी थांबले. पूर्वी मशीन बंद केलं की तो खोकला यायचा, आणि त्याने माझा जीव जायचा, पण निदान हे आहेत हे तरी कळायचं. आता घर नुसतं गप्प होतं.

"अहो," मी हाक मारली.

उत्तर नाही.

"अहो, ऐकताय ना?"

नाहीच. मी धावले. खुर्ची रिकामी. बाथरूमचं दार उघडं. हॉलमधून गॅलरीत जाईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर काय काय येऊन गेलं ते मी सांगणार नाही. हे गॅलरीत भिंतीला खांदा टेकून बसले होते, पाठमोरे, मान खाली. मी खांद्याला धरून वळवलं. मांडीवर आधीची चौकट होती, हातात हातोडी, आणि तोंडात, दोन्ही ओठांत, बारीक खिळ्यांची रांग धरलेली. म्हणून बोलता येत नव्हतं. डोळ्यांनीच विचारत होते, काय झालं.

"खिळे तोंडात धरतात का कुणी?" मी ओरडले. "गिळलात तर? ठसका लागला तर?"

त्यांनी माझ्यापुढे हात केला आणि एकेक खिळा तळहातावर काढून ठेवला. मग म्हणाले, "ठसका येत नाहीये ना आता, म्हणून धरले."

मी ते खिळे त्यांच्या हातातून घेतले आणि तिथेच खाली बसून रडले. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे केला, आणि मी एकेक खिळा देत गेले.